भावजींच्या गोळ्या तालुक्यालाच मिळाव्यात म्हणून कुणाच्या दारात जायचं?

शिलाईवाली_माण

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं शेळ्यांच्या आजारावरचे धागे वाचायला येते. आज घरचं विचारते. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

माण तालुक्यात म्हसवडच्या अंगाला आमचं गाव. सातारा, सांगली, सोलापूर तिन्ही जिल्हे आमच्या शिवारापासून हाकेवर. त्यामुळं आम्ही कुठल्या सरकारी दवाखान्यात जातो ते लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, उगा नाव घेऊन कुणाच्या पोटावर पाय नको.

माझे धाकटे भावजी, वय छत्तीस. वाशीच्या मार्केटात माथाडीत होते. २०१६ च्या गणपतीला गावी आले ते परत गेलेच नाहीत. रात्रभर जागे. पत्र्यावर कुणीतरी चालतंय म्हणायचे. जेवणात कालवलंय म्हणून ताटाला हात लावायचे नाहीत. समोर फोडलेला नारळ आणि समोर सोललेलं केळ, एवढंच खायचे. आत्यांनी (माझ्या सासूबाई) देवऋषी केला. तीन अमावास्या गेल्या, एक बोकड गेला, उताऱ्यांची तर मोजदाद नाही. त्या माणसाला एकट्याला बोल लावत नाही, त्याच्या दारात आमच्याच पायांनी गेलो होतो. शेवटी एका प्रादेशिक मनोरुग्णालयात २६ दिवस ठेवलं. कागदावर स्किझोफ्रेनिया असं लिहून मिळालं, आणि गोळ्यांनी आमचा माणूस आम्हाला परत मिळाला.

आमची पिठाची गिरणी आहे, शेजारीच माझं मशीन. गोळ्या चालू असल्या की गिरणी सगळी भावजीच बघतात. दगडाला टाकी लावायची तर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. ज्वारी कुणाची, बाजरी कुणाची, कुणाला जाडं लागतं, कुणाला बारीक, सगळं तोंडपाठ. बिघडायला लागलं की मला आधी डब्यांवरून कळतं. पीठ भरून झाकण लावतात, मग परत उघडून बघतात, परत लावतात. दोन-तीनदा झालं की माझ्या पोटात गोळा येतो. आणखी चार-आठ दिवसांनी दगड रिकामाच फिरत ठेवून बाहेर जाऊन उभे राहतात. त्या जळक्या वासावर मी आता झोपेतनंसुद्धा उठते.

आता प्रश्नाकडं येते. गोळ्या दर महिन्याला आणाव्या लागतात. सकाळी सहाची एसटी, मध्ये गाडी बदलायची, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या घरात. माझं तिकीट २०२३ पासून अर्धं झालं, त्यांचं पूर्णच. केसपेपरचे पैसे १५ ऑगस्ट २०२३ पासून बंद झाले, हे चांगलं झालं. तरी वाटेतला चहा-वडा धरून पाचशे जातात. गिरणी बंद, मशीन बंद, ते वेगळंच. चार तास बाकावर बसायचं आणि आत दोन मिनिटं. "झोप लागते का? गोळ्या घेतो का? हेच चालू ठेवा." डॉक्टरांना तरी काय बोलणार, बाहेर रांग जिन्यापर्यंत असते. मग औषधाच्या खिडकीवर कळतं की रिस्पेरिडोन पंधराच दिवसांची आहे आणि हात थरथरू नये म्हणून देतात ती बारकी गोळी नाहीच. "बाहेरून घ्या."

२०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला तो पार एप्रिलपर्यंत ओढला. वडापवाला दामदुप्पट मागायचा. मी शहाणपणा केला आणि गोळ्या निम्म्या करून पुरवल्या. पाचव्या आठवड्यात झाकणं सुरू झाली. एका रात्री कडी काढून गेले ते तिसऱ्या दिवशी फलटणच्या बाजूला एका ढाब्यामागं सापडले. अनवाणी, अंगावर माझ्या पोराचा शाळेचा स्वेटर. एका हवालदारानं मारलं-झोडलं नाही, चहा पाजून बसवून ठेवलं. त्याचं नाव मला माहीत नाही, पण दर संक्रांतीला त्याची आठवण काढते. पुन्हा भरती, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय आमच्यापासून जवळ आहे. आत्यांच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या तिथं महिन्याभराच्या फुकट मिळतात. त्याच खिडकीवर भावजींचा कागद दाखवला तर म्हणाले, "मेंटलचं आम्ही ठेवत नाही."

का ठेवत नाहीत? आणि ठेवावं असं वाटत असेल तर सांगायचं कुणाला? आमदारांकडं जा म्हणणाऱ्यांनी कृपया लिहू नका, जाऊन आलेय.

सांगलीकर_७७

ताई, सरकारी नादाला लागूच नका. मिरजेत मानसोपचाराचे चांगले खाजगी डॉक्टर आहेत, तीन महिन्यांची चिठ्ठी एकदम देतात. आमच्या शेजारच्यांचं तिथंच बरं झालं. महिन्याला हजार-दीड हजार जातील, पण डोक्याला ताप नाही.

शिलाईवाली_माण

दादा, हजार-दीड हजार म्हणजे माझे बारा-पंधरा ब्लाउज. आणि ते जन्मभर.

जुनी_सिस्टर

मी चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एका ठिकाणी २९ वर्षं नोकरी केली, माहेर कोरेगावचं. ताई, तू झाकणावरून ओळखतेस हे वाचून हसूही आलं आणि रडूही. आमच्या वॉर्डात एकजण बिघडायला लागला की अंथरुणाची घडी मोजून सात वेळा घालायचा. डॉक्टरांच्या आधी ते आम्हाला कळायचं, आणि आमच्याही आधी शेजारच्या खाटेवरच्याला.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. चारही मिळून साडेपाच हजारांवर खाटा. लोकांना वाटतं खाटा वाढवल्या की प्रश्न सुटला. मी उलटं पाहिलंय. तुझ्या भावजींसारखा पेशंट महिन्यात सुधारून घरी जातो, पुढची गोळी गावात मिळत नाही, आणि सहा महिन्यांनी त्याच दारातून परत येतो. पहिल्यांदा भाऊ आणतो. दुसऱ्यांदा भाऊच, पण जरा चिडलेला. तिसऱ्यांदा पोलीस. चौथ्यांदा नातेवाइकाचा पत्ता म्हणून जे लिहिलेलं असतं त्या गावाला पत्र पाठवलं की "या नावाचे कोणी राहत नाही" असा शेरा मारून पाकीट परत. ती पाकिटं मी स्वतः फायलीला लावलीत. पुढं तो माणूस आमच्याकडंच म्हातारा होतो. बरा झालेला असतो बरं का! बागेला पाणी घालतो, नव्या पेशंटला जेवायला उठवतो, कुणी पाहुणा आला तर त्याला ऑफिस दाखवतो. आजारपण कधीच संपलेलं, फक्त जायला घर नाही.

अशा बऱ्या झालेल्यांना राज्यानं वृद्धाश्रमात आणि भिक्षेकरी गृहात हलवायला घेतलं होतं, तेव्हा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला हे थांबवा म्हणून सांगितलं. गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत. माणूस बरा झाला तर त्याला समाजात राहता येईल असं घर द्या, एका कोंडवाड्यातून दुसऱ्यात ढकलू नका, असा त्याचा रोख. मी तेव्हा नोकरीत होते. आम्ही आपसात म्हणायचो, घर पुढचं पुढं, आधी याची गोळी याच्या गावात पोचवा, म्हणजे हा इथं येणारच नाही.

आता तुझ्या कामाचं. डॉक्टरांना एक विचार, महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन भावजींना चालेल का? फ्लुफेनाझिन डेकॅनोएट म्हणून जुनं औषध आहे, कंबरेत देतात, दोन ते चार आठवडे पुरतं. सगळ्यांना चालत नाही, अंग आखडण्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून ठरवायचं डॉक्टरांनीच. पण एकदा त्यांनी लिहून दिलं की टोचायला कुठलीही नर्स चालते. आणि गोळी निम्मी कधीच करू नकोस. कमी पडायला लागल्या तर त्याच दिवशी फोन कर. टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं. गोळ्या घरपोच नाही करणार ते, पण जवळ कुठं मिळतील आणि तोवर काय करायचं ते विचारता येतं.

कोर्टकचेरी_विटा

ताई, तुमच्या खिडकीवरच्या माणसाला कायदा माहीत नाही, आणि त्यात त्याची फार चूकही नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू २०१८ पासून. त्याचं कलम १८, पोटकलम १० काढा. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं मानसिक आजार असलेल्या माणसाला सरकारी आरोग्य संस्थांत मोफत आणि सर्व काळ उपलब्ध असली पाहिजेत, आणि हे बंधन कुठपासून वर? समुदाय आरोग्य केंद्रापासून. आपल्या महाराष्ट्रात त्या पातळीला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. म्हणजे तुम्ही ज्या खिडकीवर उभ्या होता तीच खिडकी. रिस्पेरिडोन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. "आम्ही ठेवत नाही" हे उत्तर या कलमात बसत नाही.

खरं तर ही कल्पना नवी नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. त्यानंतर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात करून दाखवलं की साध्या डॉक्टरांना शिकवून, तालुका-गाव पातळीवर मोजकी औषधं ठेवून बहुतेक पेशंट तिथल्या तिथं सांभाळता येतात. त्यावरून १९९६ ला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. बेल्लारी आपल्या मिरजेहून रेल्वेनं एका रात्रीच्या अंतरावर. तिथून गोळी तुमच्या तालुक्याला यायला किती वर्षं लागली ते तुम्हीच मोजा.

आता दार कुठलं ते. इथंच लोक चुकतात. प्राथमिक आरोग्य केंद्र झेडपीचं, त्याचे साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. झेडपीत अर्ज दिलात तर तो सहा महिने "आमच्या कक्षेत नाही" म्हणत फिरेल. अर्ज ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे द्या, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, आणि आवक-जावकचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सेवेतल्या त्रुटीची तक्रार करायचा हक्क कलम २८ देतं. आधी तिथले प्रमुख, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, मग राज्य प्राधिकरण.

जोडीला माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून गिरणी, बोकड, संप काही लिहू नका. एवढंच विचारा: गेल्या बारा महिन्यांत या रुग्णालयानं रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्झिफेनिडिलची (हात थरथरू नये म्हणून देतात ती बारकी गोळी) मागणी किती नोंदवली, पुरवठा किती आला, साठा किती दिवस शून्य होता. पैज लावतो, मागणीच शून्य निघेल. मागितलंच नाही तर वरून येईल कशाला? सरकारी औषधखरेदीचं काम आधी हाफकिन महामंडळाकडं होतं, आता त्यासाठी २०२३ च्या कायद्यानं वेगळं प्राधिकरण केलंय. त्यांच्या नावानं बोटं मोडायला आपण सगळे तयार असतो, पण निम्म्या वेळा कागद तालुक्यातूनच निघालेला नसतो.

आशा_आटपाडी

मी आशा आहे, गावाचं नाव नको. ताई, तुमच्याच शिवेपलीकडं. वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण मागणी शून्य का असते ते मी सांगते. आम्ही घरोघर फॉर्म भरतो. बीपी आहे का, शुगर आहे का, तंबाखू खाता का, सगळं सांगतात. मन उदास असतं का विचारलं की सासू सुनेकडं बघते आणि सून चुलीकडं. "तसलं काही नाही आमच्यात." मागच्या खोलीला बाहेरून कडी असते आणि मी फॉर्मवर 'नाही' लिहून येते. एकदा तर कडीच्या आतून मला हाक आली, "बाई, टाइम काय झाला?" पावणेअकरा, असं सांगितलं मी. घरातलं कुणी काही बोललं नाही, मीही नाही. तो फॉर्म अजून डोळ्यासमोरून जात नाही.

शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ ला निघाला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. दुष्काळ आमच्या आटपाडीत आणि तुमच्या माणमध्येही आहे, पण आमचे जिल्हे कागदावर उसाचे आणि द्राक्षांचे.

सांगलीकर_७७

वकीलसाहेब, कलमं ठीक आहेत, पण देवऋष्याकडं जाणं आधी थांबवा की. लोकच अडाणी.

जुनी_सिस्टर

सांगलीकर, देवऋषी गावात असतो, रात्री येतो, पेशंटच्या आईशी तासभर बोलतो आणि राहिलेले पैसे सुगीला घेतो. यातलं एक तरी आमच्या खात्याला जमलंय का? बांधून मारणाऱ्याला मात्र सोडू नये. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, भूत उतरवायच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं हा त्यात गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला २००१ च्या ऑगस्टमध्ये दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली, २८ जण साखळीला बांधलेले होते म्हणून पळता आलं नाही. ती बातमी आम्ही वॉर्डात रेडिओवर ऐकली. एका पेशंटनं उठून रेडिओ बंद केला आणि त्या दिवशी कुणी परत लावला नाही. पण साधा अंगारा लावणाऱ्याशी भांडून पेशंट तुटतो. साताऱ्यात परिवर्तन संस्थेची मंडळी मानसमित्र तयार करतात, गावातलीच माणसं, समजावून दवाखान्यापर्यंत आणणारी. तसं कुणी जवळपास असेल तर बघ, ताई. अंगारा कपाळावर आणि गोळी पोटात, दोन्ही चालू राहू दे की.

शिलाईवाली_माण

मंडळी, दीड महिन्यानं लिहितेय. सगळ्यांचे आभार, आणि वकीलसाहेब, पैज तुम्ही जिंकलात. माहिती अधिकाराचं उत्तर आलं. मागणी निरंक. 'निरंक' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला, आमच्या ह्यांना विचारावा लागला.

त्याआधीच अर्ज घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना भेटले. तरुण डॉक्टर आहेत. कलम वाचलं, फार्मासिस्टला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, एका पेशंटसाठी मागणी टाकली तर डबा पडून मुदत संपेल, मग माझ्यावर ऑडिटचा शेरा येणार. आजूबाजूला किती पेशंट आहेत सांगा, मी टाकतो." हे मला पटलं. गिरणीतही एका गिऱ्हाइकासाठी नाचणीचा दगड लावत नाही.

मग आमच्या आशाताईंना घेऊन पाच गावं फिरले, शिलाईची मापं घ्यायच्या निमित्तानं. माझ्या व्यवसायाचा एक फायदा, बाई माप देताना बोलते. टेप खांद्यावर असतो, तोंड भिंतीकडं, आणि दार लावलेलं. नऊ घरं निघाली. नऊ! आम्हाला वाटत होतं पंचक्रोशीत आम्ही एकटेच. एक बाई तर आमच्याच सहाच्या एसटीनं दर महिन्याला जाते, मी तिला माहेरी जाणारी समजायचे, ती मला.

पण वहीत नाव लिहायचं म्हटलं की सगळे गप. एका बापानं हात जोडले, "थोरलीचं जमलंय, धाकटीचं जमायचंय, नाव नको." वही मिटून परत आले. दोन दिवस काही सुचलं नाही. मग आत्या म्हणाल्या, दुकानदाराला नाव लागतं का, किती किलो पाहिजे तेवढंच लागतं ना? म्हणून नुसता आकडा लिहिला. कुणाची कुठली गोळी, किती मिलीग्रॅम, महिन्याला किती नग. नाव नाही, गाव नाही. फार्मासिस्टनं आधी नाक मुरडलं, मग म्हणाला, मागणीला आकडाच लागतो, नाव औषध देताना माझ्या रजिस्टरला. अधीक्षकांनी सही केली. महिन्यातून एकदा मानसोपचाराची टीम तालुक्याला यावी म्हणूनही पत्र टाकलंय. त्याचं अजून काही नाही.

पहिला पुरवठा यायचाय. तोवर भावजींना घेऊन परवाच्या सहाच्या गाडीनं जातेच आहे. त्या दुसऱ्या बाईसाठी शेजारची जागा धरून ठेवणार.

सिस्टर, इंजेक्शनचं विचारलं, पुढच्या वेळी बघू म्हणाले. आणि एक अडलंय. नऊपैकी एक मुलगी क्लोझापिन नावाच्या गोळीवर आहे. तिला सारखं रक्त तपासायला लागतं म्हणे आणि त्यासाठीच ती लांब जाते. ते तालुक्याला होईल का?

जुनी_सिस्टर

होईल. सीबीसीच लागते, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची साधी तपासणी, पांढऱ्या पेशी बघायला. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला, पुढं अंतर वाढवतात. ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये सीबीसी होतेच. रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवला तर ते मान्य करतील का, तेवढं आधी विचारून ठेव. ताप आला किंवा घसा दुखला तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी तपासणी. हे तिच्या आईला माप घेताना नीट सांग.